तीर्थनला जाण्यापूर्वी

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मे महिन्यात हिमाचलमधील तीर्थन खोऱ्यात राहून फ्लाय फिशिंग शिकण्याचा बेत तू कळवलास, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. वाशिष्ठीवर तू गरी टाकलेली आहेस, परंतु त्या सवयीचा येथे फारसा उपयोग होणार नाही. गरीला बांधलेले शिसे दोरीला ओढत नेते. येथील माशी म्हणजे हुकावर पिसे व दोरा गुंडाळून केलेला नकली कीटक असल्याने तिला वजन जवळजवळ नसतेच. वजन असते ते जाड लाईनला, आणि फेकायची असते ती लाईनच.

पहिला रॉड नऊ फुटी, ५ नंबरचा घ्यावा; हा नंबर त्याला चालणाऱ्या लाईनच्या वजनाचा असतो. तो मागे नेताना घड्याळातील एकच्या जागी थांबवायचा, लाईन पाठीमागे पूर्ण सरळ होऊ द्यायची, आणि मगच पुढे आणून दहाच्या जागी थांबवायचा. मधल्या त्या थांब्याला बहुतेक नवशिके कंटाळतात. मग लाईन चाबकासारखी कडाडते आणि माशी तुटून जाते. मान वळवून मागे पाहण्यात कमीपणा नाही. हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सोसायटीच्या मैदानावर सराव कर. लोक पाहतील, त्यांना पाहू दे.

नदीवर पोहोचताच फेकायला सुरुवात करू नकोस. ट्राउट, म्हणजे तिथला थंड पाण्यातला मासा, प्रवाहाकडे तोंड करून, मोठ्या दगडाच्या आडोशाला किंवा वेगवान व संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जाते तिथे, वाहत येणाऱ्या कीटकांची वाट पाहत असतो. त्यामुळे त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाने जावे. माशी पाण्याच्या वेगानेच वाहिली पाहिजे. लाईनला प्रवाहाने ओढ दिली की माशीमागे पाण्यावर बारीक रेघ उमटते आणि मासा फिरकतही नाही. अशा वेळी रॉडच्या टोकाने लाईन हलकेच उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूस टाकावी. माझ्या मते लांब फेकीपेक्षा हे जमणे अधिक मोलाचे आहे.

हा मासा मूळचा तिथला नव्हे. ब्राउन ट्राउटची अंडी १९०९ मध्ये काश्मीरहून हिमाचलात आणली गेली. विणीच्या काळात, १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, मासेमारीला बंदी असते. एरवी मत्स्य विभागाचा परवाना लागतो, तो आधी काढ. हूक बिनकाट्याचा, म्हणजे टोकाशी उलटा काटा नसलेला, वापर, आणि मासा सोडायचा असेल तर हात ओले करूनच त्याला धर, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

मे महिन्यात बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढते व गढूळ होते, तेव्हा सकाळीच नदीवर जा, आणि गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नकोस. खाली लारजीजवळ बियासच्या पात्रात तर मुळीच नको. जून २०१४ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्यात तिथे हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले होते. मागून येणारा हूक डोळ्याला लागू नये म्हणून चष्मा व टोपी घालत जा.

रॉड घेण्यापूर्वी एकदा फोन कर.

तुझे,
बाबा