मंगल कार्यालयांची तपासणी लग्नाच्या दिवशी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई तोंडावर आली आहे. मंडप आणि लायटिंगच्या कामात माझं आयुष्य गेलं, म्हणून एक गोष्ट आपल्या वृत्तपत्रातून नगरपालिकेच्या आणि अग्निशमन विभागाच्या कानावर घालायची आहे. कार्यालयाला परवानगी मिळते ती रिकामा हॉल बघून. माणसं जमतात ती सजवलेल्या हॉलमध्ये, आणि तोवर हॉल पार बदललेला असतो.

तपासणीला सगळे दरवाजे उघडे असतात, भिंती मोकळ्या, आग विझवायची नळकांडी जागच्या जागी. कार्याच्या आदल्या रात्री डेकोरेटर येतो. वर कापडी सीलिंग ताणलं जातं, स्टेजमागे थर्माकोल आणि प्लास्टिकची फुलं चढतात, बाजूच्या दारापुढे सेल्फी पॉइंट उभा राहतो. मागच्या दाराला कुलूप, कारण तिथून बिनबोलावलेले लोक जेवायला शिरतात असं मॅनेजर सांगतो. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन पार्किंगमध्ये. हॅलोजन वाढले की एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, सारखी पडायला लागते, मग कुणीतरी ती वगळून मेनमधून डायरेक्ट जोडून देतं. जॉइंटला नुसती टेप आणि त्याला टेकलेला झिरझिरीत पडदा. हे मी एकाच कार्यालयात पाहिलेलं नाही.

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या मंडी डबवालीत एका मॅरेज पॅलेसमध्ये शाळेचा वार्षिक कार्यक्रम चालू होता. कापडी मंडपानं पेट घेतला आणि ते जळतं छत मुलांवर, आईबापांवर कोसळलं. बाहेर पडायला पुरेसा रस्ताच नव्हता. ४४२ माणसं गेली. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १९९७ मध्ये ५९ जण दगावले, ते मुख्यतः धुरानं गुदमरून. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवण्यासाठी जाण्यायेण्याचा एक रस्ता बंद केलेला होता. मुंबईत कमला मिलच्या आवारात २०१७ मध्ये १४ बळी गेले. अगदी अलीकडे, डिसेंबर २०२५ मध्ये, गोव्यात हडफडे इथल्या नाइट क्लबमध्ये २५ जण गेले, त्यांतले बहुतेक तिथले कामगार होते. आपल्या कार्यालयांतही सिलिंडरच्या रांगेशेजारी राबणारे आचारी आणि वाढपी असतात, त्यांच्यासाठी वेगळं दार आहे का, हे कोणी विचारत नाही.

नियम नाहीत असं नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानं जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे जागा वापरणाऱ्यावर, टाकली आहे. जानेवारी आणि जुलैमध्ये आगीची यंत्रणा नीट चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यावं लागतं. पण या दोन महिन्यांच्या मध्ये हॉल कितीदा सजतो आणि उतरतो!

माणसांच्या आकड्याचंही तसंच. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत बाहेर पडण्याचे मार्ग ठरवताना खुर्च्या मांडलेल्या सभागृहात माणशी ०.६ चौरस मीटर आणि जेवणाच्या जागेत १.५ चौरस मीटर जागा धरली होती. त्या हिशोबानं ३०० चौरस मीटरच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर ५०० आणि जेवायला २०० माणसं. बुकिंगला गेलं तर ऐकायला मिळतं, "हजार पान आरामात उठतं आपल्याकडे." पंगती एकामागून एक उठतात हे खरं, पण पुढच्या पंगतीची माणसं तोवर आतच ताटकळत उभी असतात.

माझं मागणं साधं आहे. हॉलची क्षमता, दरवाजे किती आणि शेवटचा फॉर्म बी कधीचा, हे प्रवेशद्वारावर ठळक लिहावं, आणि क्षमतेचा आकडा बुकिंगच्या पावतीवरही यावा. डेकोरेटरचं काम संपल्यावर, पाहुणे येण्याआधी, मॅनेजर आणि वायरमन यांनी मिळून हॉलभर फिरून प्रत्येक दार उघडून पाहावं आणि वहीत सही करावी. अग्निशमन दलाकडे माणसं कमी आहेत, हे मान्य. पण मोठ्या तिथी पंचांगात आधीच छापलेल्या असतात. त्या दिवशी दोन-तीन कार्यालयांत अचानक फेरी मारली तरी बाकीचे मालक कुलपं काढतील.

आणि ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी ॲडव्हान्स देण्याआधी मागचं दार उघडून दाखवायला सांगावं. पैसे आपण देतो, विचारायला संकोच कसला?

आपला,
एक वायरमन, सातारा