रेणूला, फॉर्म भरायच्या आधी

सेलू

चि. रेणुकास, अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मधेच फोन ठेवलास त्याचा राग नाही. आईला म्हणलं रेंज गेली. तिला कळायचं ते कळलंच. इंजिनिअरिंगची ब्रँच बदलायचा फॉर्म शुक्रवारपर्यंत आहे म्हणालीस म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुझं ऐकून घेत नाही.

कॉम्प्युटरला जाण्याइतके मार्क असून इलेक्ट्रिकललाच राहायचं म्हणतेस, आणि वर कॉम्प्युटरची मायनर, म्हणजे जोडीचा जादा विषय, घ्यायची. 160 क्रेडिटचा अभ्यास सगळ्यांना, तुला आणखी 18-20. दुकानात आल्या-गेल्याला हे मोठ्या तोंडानं सांगितलं. रात्री मात्र जेवण गेलं नाही.

विजेच्या कामात काकाच्या हाताचं काय झालं, ते तू लहानपणापासून बघतेस. त्यावर जास्त लिहीत नाही.

नोकरीचं बोलू. परळीचं थर्मल वीज केंद्र 2015 च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. कॉम्प्युटरवाल्याला धरणात पाणी किती हे विचारावं लागत नाही. यावर तू म्हणणार, आप्पा, इलेक्ट्रिकल म्हणजे खांबावर चढणं नव्हे. ते मलाही कळतं गं. उगं नाही इतकी वर्षं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरली.

आता दुकानातली गोष्ट सांगतो, तुझ्या कामाची आहे. पूर्वी उन्हाळा लागला की जळालेल्या मोटारींची दारात रांग. तीनपैकी एक फेज जायचा, सगळा भार उरलेल्या दोनवर, शेतकरी झोपेत, आणि सकाळी वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, कोळसा. आता दुधनेकाठच्या गावांत सोलर पंप आले, तर लोक कंट्रोलर, म्हणजे पॅनल आणि मोटार यांच्यामधला डबा, उचलून आणतात. परवा एक उघडला. खाली मोठमोठे कपॅसिटर, हीटसिंकला घट्ट बसवलेला, मोटारीला करंट देणारा मॉड्यूल आणि वरच्या कार्डावर नखाएवढी चिप. मोटार चांगली, पॅनल चांगले, आणि पाण्याचा थेंब नाही. मीटर लावत लावत मॉड्यूलपर्यंत गेलो. मॉड्यूल ठीक. त्याच्या पुढं चिपमधे काय लिहून ठेवलंय हे मला कोण सांगणार? आणि ते लिहिणाऱ्याला तरी कोण सांगणार की गाळानं अडकलेली मोटार सुरू होताना किती करंट ओढते? कार्ड बदला म्हणलं आणि गिऱ्हाईक परत पाठवलं. तू म्हणशील, मी दुसरं काय म्हणतेय. म्हण.

पण त्याच डब्यात पॅनलकडून शेकड्यानं व्होल्ट डीसी येतो. दिवाळीत तूच सांगितलंस की एसी सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी तुटते, डीसीला शून्यच नाही, आणि ऊन आहे तोवर पॅनल काही बंद होत नाही. तू रंगात येऊन सांगत होतीस. मी तुझ्या बोटांकडं बघत होतो.

तिसरीत होतीस, आठवतं? फर्म्यावर तार गुंडाळताना कुणी बोललं की माझा आकडा चुकायचा. तू खाली पोत्यावर बसून मोजायचीस आणि गिऱ्हाइकाला दटावायचीस, थांबा हो, बेचाळीस झालेत. जुनी कॉइल जाळल्यावर तारांचा पुंजका सोडवत बसायचीस. वार्निशच्या वासानं तुझ्या आईचं डोकं उठायचं, तुझं कधी नाही. लेकरू दुकानात आणू नका म्हणून तिनं कितीदा सांगितलं. मी आणत राहिलो.

एक सांगतो, आणि हे तुझ्या बाजूचं आहे, माझ्या नाही. डेटाबेस, अल्गोरिदम हे रात्री खोलीवर लॅपटॉपवर शिकता येतं. मशीन लॅब खोलीवर नेता येत नाही. तेव्हा राहायचंच असेल तर मशीन आणि पॉवर सिस्टिम पक्कं कर, मायनर त्याच्यामागून. दोन्ही अर्धवट ठेवून धड ना इकडची ना तिकडची होऊ नकोस. मेसचं जेवण टाळू नकोस. जागरण करून सकाळी लॅबला जाऊ नकोस, पेंगलेल्या माणसाचा हात कुठंही जातो. बांगडी, अंगठी, ओली चप्पल नको. एक हात खिशात ठेवून टेस्टिंग करायचं, आणि सप्लाय बंद केला असं दुसऱ्यानं सांगितलं तरी आपण तपासल्याशिवाय... बघ, परत सुरू झालं. लेक्चरला कॉलेजात माणसं आहेत. राग मानू नकोस.

मला विचारशील तर अजूनही म्हणेन, कॉम्प्युटर घे. पण फॉर्मवर सही तुझी आहे. तू काय भरलंस ते आईला आधी सांग, मला ती सांगेल.

परीक्षेच्या फीचे पैसे सोमवारी खात्यावर टाकतो. या वेळी मराठवाडा एक्सप्रेसनं आलीस तर तो कंट्रोलरचा डबा उघडून बसू. मालकानं जुनं कार्ड माझ्याकडंच टाकलंय. तुझा लॅपटॉप त्याला जोडता येतो का, ते सरांना विचारून ये. आणि तुमच्या लॅबची अर्थिंग शेवटची कधी तपासली तेही विचार. माझं नाव सांगू नकोस.

तुझा
आप्पा