वंदे, तेव्हा तुझंच बरोबर होतं

प्रिय वंदे,

चार महिने तुझ्या मेसेजला उत्तर नाही दिलं, तू रागावली असशील आणि तुझा हक्कच आहे. फोन करणार होते पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस हे तुलाही माहितीये, म्हणून लिहितेय. माझी तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू. ह्यांचं मोतीबिंदू झालं एका डोळ्याचं. झालं, तब्येतीचं संपलं.

आता मुद्द्याचं. बेबीच्या ओमला टीबी झालाय. आणि बेबीने तो माझ्यापासून लपवला. माझ्यापासून, वंदे! बावीस वर्षं मी आरोग्यसेविका म्हणून दारोदार "दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का कुणाला" विचारत फिरले आणि माझी सख्खी बहीण मला सांगते, टायफॉईड आहे, अशक्तपणा आलाय, बाकी काही नाही.

मला कळलं कसं सांगू? मानखुर्दला गेले होते तिच्याकडे, बाथरूमला गेले तर भांड्याला नारंगी डाग. तू असतीस तर तुझ्याही पोटात तसंच धस्स झालं असतं. रिफाम्पिसिन, टीबीचीच गोळी! आपण किती घरात सांगितलंय, लघवी लाल झाली तर घाबरू नका, गोळीचा रंग आहे. त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं, तो आठवडाभर रक्त पडतंय समजून एकटाच रडत होता. एकोणीस वर्षांचा घोडा, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. गोळ्या कुठे ठेवल्यात तर टाल्कम पावडरच्या डब्यात. खासगी डॉक्टरकडून आणतात, कुठे नाव लागू नये म्हणून. 2012 पासून खासगीवाल्यांनीही कळवायचंय, तरी कसं काय जमवलं देव जाणे. सरकारी नोंद केली तर औषध फुकट, वर आता महिन्याला 1000 रुपये खाऊला मिळतात, पण बेबी म्हणते, नको तुझे हजार रुपये, त्यांच्यामागून बाई येते दारात.

बाई येते दारात. म्हणजे मी. म्हणजे आपण.

आणि सगळ्यात वाईट ऐक. तिने खिडकी बंद ठेवलीय. दिवसभर. समोरच्या बिल्डिंगची खिडकी इतकी जवळ आहे की पलीकडची बाई कुकरच्या शिट्ट्या मोजते, तर ओमचा खोकला तिला ऐकू जाईल म्हणून खिडकी बंद आणि टीव्ही मोठा. सव्वादोनशे फुटांच्या घरात पाच माणसं, भर दुपारी ट्यूबलाईट, आणि हवा यायची एकच वाट ती पण बंद. ताट-वाटी मात्र ओमची वेगळी, रोज उकळत्या पाण्यातून काढते. अगं ताटवाटीने काही होत नाही ग, हवेतून होतं सगळं! तिची कोमल त्याच खोलीत झोपते, अकरा वर्षांची आहे, म्हातारी सासू आहे, कुणाचीच तपासणी नाही. कोमलचं वजन मी नुसतं हाताने उचलून बघितलं तर मला हलकी लागली. माझ्या मनाचा खेळ असेल. पण रात्री झोप येत नाही.

हे झालं बुधवारी. रविवारी आपल्या चाळीत खालच्या वाचनालयात मास्तरांची बैठक होती. तू चाळ सोडल्यापासून त्यांनी हे नवीन सुरू केलंय, महिन्यातून एकदा मुंबईतल्या रोगांच्या जुन्या साथींवर गप्पा. (हो, अजूनही तो चहा तसाच पांचट. तुझ्या आल्याशिवाय कुणालाच जमत नाही.) या वेळी प्लेग. 1896 च्या सप्टेंबरमध्ये डॉक्टर व्हिएगसना मांडवीत पहिला पेशंट सापडला तिथून सुरुवात. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई गावाला पळाली म्हणे. मग हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने जानेवारी 1897 ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, ते आपल्याला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, तू तेव्हा झोपली होतीस. आणि घरं तपासणारी पथकं, आजाऱ्याला उचलून हॉस्पिटलात न्यायचे, घरावर "राहण्यास अयोग्य" म्हणून इंग्रजी अक्षरं रंगवायचे. लोकांना वाटायचं तिथे गेलेला परत येत नाही. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणीवाल्यांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता, म्हणजे आपलं कस्तुरबा ग, जिथे आपण गॅस्ट्रोचे पेशंट पाठवायचो!

तर चार नंबरच्या चाळीतले भाऊ उठले, ते कधी बोलत नाहीत. म्हणाले माझ्या पणजीला ताप होता, काखेत गाठ आली होती, आणि जिन्यावर बुटांचा आवाज आला. घरच्यांनी तिला उठवून जात्यापुढे बसवलं, खुंट्याला हात बांधल्यासारखा लावून दिला, शेजारी सून बसून जातं फिरवत होती, दोघी दळतायत असं. पथक बघून गेलं. पणजी संध्याकाळी गेली. आणि आठवड्यात ती सून पण.

सगळे गप्प. कुणीतरी म्हणालं, अडाणी होते बिचारे. आणि मी, वंदे, मला एकदम बेबीचा टीव्ही ऐकू आला. जात्याचा आवाज आणि टीव्हीचा आवाज. सव्वाशे वर्षांत आपण काय बदललो? बेबी बारावी पास आहे, ती काही अडाणी नाही. तिला रोगाची भीती नाहीच, तिला दाराची भीती आहे.

मग मास्तरांनी कंपासपेटीतला कोनमापक काढला (अजून शाळेतच आहेत ते). आपल्या बीआयटी चाळी प्लेगमुळेच झाल्या, 1898 ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (तेच बीआयटी) निघाला, आग्रीपाड्याची योजना त्यातलीच, हे माहीत होतं. पण त्यांचा एक नियम होता ते माहीत नव्हतं. ऑर नावाचे ट्रस्टचे चेअरमन, त्यांनी लावून धरलेला 63.5 अंशांचा नियम. भिंतीच्या पायापासून 63.5 अंशांत वर रेघ मारायची आणि समोरची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. म्हणजे सोप्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी, तरच तळमजल्याला उजेड पोचतो. मी घरी येऊन रद्दी कागदावर बेबीची बिल्डिंग काढली. सात मजले, धर एकवीस मीटर. मध्ये दहा-साडेदहा मीटर हवं. आहे किती? मी परत गेले तेव्हा पावलं मोजली, चार पावलं. जेमतेम तीन मीटर, त्यात खाली कचरा. 1912 च्या आसपास ज्या गोष्टीवर लोक भांडत होते ती आत्ता नवीन बांधलेल्या घरात नाही! मला इतका संताप आला की मी रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले.

तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, हो पण त्या ट्रस्टने ज्यांची घरं पाडली ते कुठे गेले. बरोबर आहे, मास्तरांनीच सांगितलं, बरेचसे शेजारच्या गल्लीत अजून दाटीने घुसले, त्यांना नवीन भाडं परवडेना. तरी मी आपल्या गॅलरीत उभी राहून वारा घेतला आणि मला वाईट वाटलं की हा वारा बेबीला नाही.

आता जे लिहायचंय ते लिहिते. पिंकीची आई, आपली ती टीबीची पेशंट.

तू तिच्याकडे ओळखपत्र पर्समध्ये टाकून जायचीस, हातात मेथीची जुडी घेऊन, मैत्रीण म्हणून. आणि मी तुझी मॅडमकडे तक्रार केली. तुला संशय होता, मी नाही म्हणत राहिले, आज सांगते, मीच केली होती. नियम म्हणजे नियम असं माझं डोकं. तू रजेवर होतीस त्या आठवड्यात मी फाईल घेऊन गेले आणि पॅसेजमध्ये उभं राहून तिचं नाव घेतलं, मोठ्याने, टीबीच्या गोळ्यांचं विचारलं. चार दारं उघडली. पंधरा दिवसांत मालकाने खोली खाली करून घेतली, ती गावाला गेली, गोळ्या तिसऱ्या महिन्यातच सुटल्या. पुढे तिचं काय झालं आपल्याला कधीच कळलं नाही. तू आल्यावर मी तुला सांगितलं की ती आपणहून गेली. तू माझ्याशी दीड महिना बोलली नाहीस आणि मी वर तुलाच आढ्यतेखोर म्हणाले. वंदे, मला माफ कर. बेबीने हात जोडून "तुझ्या बायकांना पाठवू नको" म्हटलं ना, तेव्हा मला पिंकीच्या आईचा चेहरा दिसला, आणि त्या पॅसेजमधली मी पण दिसले.

आता मी काय करू? नोंद केल्याशिवाय कोमलची तपासणी नाही, तिला प्रतिबंधाच्या गोळ्या नाहीत. नोंद केली तर बेबी आयुष्यात बोलणार नाही, आणि भीती ही की रागाने ओमच्या गोळ्याच बंद करेल. त्याला आता बरं वाटायला लागलंय, ताप गेलाय, दुसरा महिना चालू आहे, म्हणजे गोळ्या सोडायची नेमकी वेळ. सहा महिने पुरे व्हायलाच हवेत, नाहीतर पुढचा टीबी साध्या गोळ्यांनी जाईलच असं नसतं, हे आपल्याइतकं कुणाला माहितीये.

तुझं कसं चाललंय? घराची वास्तुशांत झाली का? सुनेला कितवा महिना? आंब्याला मोहर धरला असेल. सगळं सविस्तर लिही, मी पुढच्या वेळी नीट विचारते.

मी मंगळवारी जाणार आहे मानखुर्दला. ओळखपत्र घरी ठेवून. ओमला आवडतं म्हणून अंड्याचं कालवण करून नेईन, आणि आधी फक्त खिडकी उघडून बसेन तिच्याबरोबर. पण पुढे तोंडातून काय काढायचं ते सुचत नाहीये. तू पिंकीच्या आईच्या उंबऱ्यात मेथी निवडत बसायचीस तेव्हा पहिलं वाक्य काय बोलायचीस ग? मी कधी ऐकलंच नाही, मी खाली जिन्यात वही भरत उभी असायचे. जसंच्या तसं लिहून पाठव. सोमवार रात्रीपर्यंत.

तुझी,
शैला