चवीबद्दल लिहिताना वेळही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्यावरच्या गाड्यांबद्दल वाचकांनी आपली मतं पाठवावीत, ती तारे देऊन छापू, असं आपण पुरवणीत जाहीर केलं आहे. जरूर छापा. पण त्याआधी एका जुन्या खाणावळवालीचं थोडं ऐका. मी पनवेलला तेवीस वर्षं खाणावळ चालवली. सध्या लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला, ब्रुकलिनमध्ये येऊन राहिले आहे. आपला पेपर जावई मोबाइलवर काढून देतो, तो मी दुपारी बाळ निजलं की वाचते.

घरापासून पंधरा मिनिटांवर कोर्टाच्या इमारती आहेत. त्यांच्याजवळ फुटपाथवर एक बाई स्टीलची गाडी लावतात. पाटीवर लिहिलंय 'ज्यू घरचं खाणं'. बाबागाडी घेऊन फिरायला निघाले की त्या वाटेने येते. जिनसा चारच. कोंबडीचं सूप आणि त्यात आपल्या मुटक्यांएवढे गोळे, म्हणजे मात्झो बॉल. बटाट्याचं सारण भरून भाजलेला क्निश. किसलेल्या बटाट्याचे तळलेले लाटके. आणि शेवयांचा भाजून वड्या पाडलेला गोड कुगेल. गाडीच्या दांडीला दोरीने एक वही बांधली आहे, पेनासकट. ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, त्यामुळे अक्षर लागलं नाही तर पानाचा फोटो काढून संध्याकाळी जावयाकडून वाचून घेते. खरं सांगते, सुपापेक्षा त्या वहीची गोडी जास्त लागली.

एका मंगळवारची दोन मतं अशी. पहिलं: 'गोळा दगडासारखा, चमचा बसत नाही.' त्याच्याखाली दुसऱ्याचं: 'गोळा इतका मऊ की सुपात विरघळला, माझ्या आजीने असा गोळा मांजरालाही घातला नसता.' एकच पातेलं, एकच हात. मग खोटं कोण बोलतंय? माझ्या खाणावळीत असं झालं असतं तर दोघांनाही मी हात जोडले असते आणि मनात शिव्या दिल्या असत्या. इथे रिकामा वेळ होता, म्हणून चार दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन उभी राहिले.

मात्झो म्हणजे खमीर न घालता भाजलेली पातळ कडक पोळी. इजिप्तमधून निघताना कणीक फुगायलाही सवड मिळाली नाही, त्या आठवणीत हे लोक पासओव्हरच्या सणात हीच पोळी खातात. तिचा चुरा, अंडी आणि कोंबडीची चरबी एकत्र भिजवून गार जागी ठेवायची, मग गोळे वळून झाकण न उघडता मंद उकळायचे. सकाळी साडेअकराला गाडी लागते तेव्हा गोळा आतून घट्ट असतो. मग तो गरम सुपात बसून सूप पीत राहतो. आपला वडा सांबारात पडून राहिला की पितो, तसाच. दोन वाजता कोर्टाची मंडळी जेवून परत निघतात तेव्हा तोच गोळा फुगून दीडपट झालेला, बोट लावलं तर तुटेल असा. साडेअकराच्या माणसाला दगड मिळाला आणि दोनच्या माणसाला लोणी. दोघांनीही खरंच लिहिलं होतं. फक्त वेळ लिहिली नव्हती.

गाडीवाल्या बाईंना हे सांगायला गेले तर त्या हसल्या. म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. एक म्हातारे वकील साडेअकराच्या ठोक्याला येतात, त्यांना आईच्या हातचे दगडच हवे असतात." या लोकांत बुडणारे गोळे आवडणारे आणि तरंगणारे गोळे आवडणारे असे दोन पंथच आहेत म्हणे, आणि सोयरीक झाली तरी पंथ बदलत नाही. गोडाचंही तेच. पोलंडकडची घराणी माशाच्या गोळ्यांतसुद्धा साखर घालतात, लिथुआनियाकडची मिरपूड. बाईंच्या कुगेलमध्ये साखर आणि बेदाणे असतात, म्हणून वहीत एकाने 'हे जेवण आहे की मिठाई' असं विचारलंय. आमटीत गूळ घालावा की नाही यावरून माझ्याकडे दोन गिऱ्हाईकांची हातघाई व्हायची बाकी राहिली होती, त्याची आठवण झाली.

दुसरी कायमची तक्रार मिठाची. 'सूप खारट.' हे मला पटेना, कारण मला ते अळणीच लागलं होतं. तेव्हा कोंबडीच्या वाटेने विचार केला. कोशर, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांत बसणारी, कोंबडी आधी अर्धा तास पाण्यात भिजवतात, मग रक्त ओढून निघावं म्हणून तासभर जाड मिठात ठेवतात, मग धुतात. थोडं मीठ मांसात राहतंच. ते तासन्‌तास उकळलं की पातेल्याच्या तळाशी आलेलं सूप वरच्यापेक्षा आटलेलं आणि खारट लागणारच. बाई वरून मीठ जवळजवळ घालतच नाहीत. खारट लिहिणाऱ्याला शेवटची वाटी मिळाली असावी. हा माझा अंदाज, पण तेवीस वर्षं पातेल्यांपाशी काढलेल्या बाईचा अंदाज आहे.

सायीचं आंबट दही (त्याला सावर क्रीम म्हणतात) लाटक्यांवर मिळत नाही म्हणून तर किती जण चिडलेत! पाच पानांत सात तक्रारी मोजल्या. त्यांना सफरचंदाचा गोडसर गर मिळतो. कारण साधं आहे: कोशर नियमात मांस आणि दूध एका ठिकाणी चालत नाही. गाडीवर कोंबडीचं सूप आहे, म्हणजे दुधाचा थेंबही नाही. पाटीखाली कोशरचा कागद लावलेला आहे, तो वाचायला अर्धं मिनिट लागतं. तसंच शनिवारचं. 'शनिवारी आलो, गाडीच नाही.' शुक्रवारी सूर्यास्तापासून शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, लागतो. डिसेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून शुक्रवारी बाई एक वाजता आवरायला घेतात. उपवासाच्या दिवशी आमच्याकडे येऊन 'कांदाभजी का नाही' असं विचारणारे होतेच की.

आता एक मत मात्र माझ्या मनात घर करून बसलंय. 'हे ज्यू जेवण नव्हे.' लिहिणारा स्वतः ज्यूच, घराणं सीरियाकडचं. ब्रुकलिनमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या घरी शुक्रवारी किब्बे, म्हणजे खिमा भरलेले गोळे, आणि भात, चिंच घातलेल्या भाज्या. गोळ्यांचं सूप त्याच्या आजीने जन्मात केलं नसेल. त्याचं म्हणणं काय चुकलं? पाटीवर 'ज्यू घरचं' लिहिलंय, पण ते पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या घरचं. आणि मला त्याच्याहून वेगळंच आठवलं. आमच्या पनवेलला बेने इस्राएलांचं, म्हणजे आपल्याकडच्या कोकणातल्या ज्यूंचं, बेथ एल सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) आहे. खाणावळीला लागून राहणाऱ्या मावशी त्यांच्यातल्या. दुधाला मनाई म्हणून त्यांच्या मटणाच्या रश्शात नारळाचं दूध असायचं. नवस फिटला की मलिदा: भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी, आणि प्रेषित एलियाहू हनाबींचं नाव. कोकणात त्यांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी ते बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मावशींच्या लेकी पुढे इस्राएलला गेल्या. मलिद्याचं मी गाडीवाल्या बाईंना सांगितलं तर त्यांनी तीनदा 'पोहे' म्हणून पाहिलं आणि काउंटरवरच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. मराठी बोलणारे ज्यू असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही त्यांचा गोळा ठाऊक नव्हता, फिटंफाट.

किमतीवरही बोलतात. नऊ डॉलर सुपाला जास्त आहेत, मलाही वाटलं. मी मनातल्या मनात रुपये करायचं आता सोडलंय. पण गाडीचा धंदा इथे फुकट नाही. शहराने १९८३ साली खाद्यगाड्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. मग परवाना मिळायला वर्षानुवर्षं थांबायचं, नाहीतर दुसऱ्याचा परवाना हजारो डॉलर मोजून चोरून भाड्याने घ्यायचा. २०२१ च्या कायद्याने दहा वर्षं दर वर्षी ४४५ नवे परवाने द्यायचं ठरलं. इमारतीच्या दारापासून वीस फूट लांब उभं राहायचं, म्हणून 'काल इथे होती, आज तिथे' ही तक्रार. गाडी रोज रात्री ठरलेल्या कोठारात नेऊन धुवायची आणि स्वयंपाकही घरी करायचा नाही, परवानगीच्या भटारखान्यातच करायचा. म्हणजे पाटीवर घरचं खाणं आणि कायद्याने घरी शिजवायला बंदी! वहीत एकाने 'घरच्यासारखं नाही' असं लिहिलंय, त्यावर बाईंनी काय करावं?

जुन्या काळीही गाड्यांचं नशीब काही वेगळं नव्हतं. पूर्व युरोपातून आलेले ज्यू मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला हातगाड्या लावायचे. हेस्टर स्ट्रीटवर त्यांची गर्दी असे. हाउस्टन स्ट्रीटवर १९१० पासून क्निश विकणारं योना शिमेलचं दुकानही मुळात हातगाडीवरून उभं राहिलं. १९३० च्या दशकात महापौर ला ग्वार्डिया यांनी हातगाड्या रस्त्यावरून हटवून छपराखालच्या मंडयांत बसवल्या. एसेक्स स्ट्रीटची मंडई १९४० ची. जावई मला तिथे घेऊन गेला होता. मंडई चांगली आहे, पण गाडीपाशी उभं राहून खाण्यात जी ओळख होते ती तिथे होत नाही.

सर्दी बरी झाल्याची मतं वहीत भरपूर आहेत. कोंबडीच्या सुपाला इथे गमतीने ज्यूंचं पेनिसिलिन म्हणतात. बाराव्या शतकातला वैद्य मैमोनिडीस आजाऱ्याला हे सूप सांगायचा, आणि २००० साली नेब्रास्कातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा सुपामुळे सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावलेली दिसली. काचेच्या भांड्यातल्या पेशी आणि माझं नाक यांत फरक आहे, म्हणून मी यावर मत देत नाही. गरम होतं, नाक सुटलं, एवढंच.

माझीही चूक सांगून टाकते. पहिल्या दिवशी मी वहीत मराठीत लिहिलं होतं, 'अगदीच फिक्कं. फोडणी नाही, तिखट नाही.' कोणाला कळणार, या धीटपणाने. तिसऱ्या वाटीला लक्षात आलं की हा त्यांचा मऊ भात आहे. ताप उतरलेल्या पोराला आपण तूप-मेतकूट-भात देतो तेव्हा त्यासोबत ठेचा मागत नाही. मी रश्श्याच्या अपेक्षेने मऊ भाताला नापास केलं होतं. बाईंनी ती ओळ फोनवर धरून भाषांतर करून घेतली होती, हे मला नंतर कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. बाळंतीण घरी आहे कळल्यावर मात्र तेव्हापासून डब्यात एक गोळा जास्त टाकतात. मी ती ओळ खोडली नाही, तिच्या शेजारी तारीख आणि 'पहिल्यांदाच खाल्लं' एवढं लिहिलं.

म्हणून आपल्या सदरासाठी माझी मागणी आहे. तारे द्या, पण प्रत्येक मतासोबत तीन गोष्टी छापा: किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, आणि तुलना कोणाच्या हातच्या चवीशी केली. मीठ, स्वच्छता, गरमपणा, सुट्टे पैसे आणि पाटीवर लिहिलेलं खरं आहे का, याचा जाब गाडीवाल्याला जरूर विचारा. वाचकाच्या आजीचा जाब त्याला विचारू नका. ज्याला तुलनेचं नाव लिहायला लाज वाटेल त्याचं मत अर्ध्या ताऱ्याने कमी धरा, असंही सुचवणार होते, पण लेक म्हणाली, आई, पुरे.

नमुना म्हणून माझंच घ्या. गुरुवार, दुपारी १२ वाजून ४० मिनिटं. सूप एक, गोळे दोन, बटाट्याचा क्निश एक. गोळा मधोमध किंचित घट्ट, मला असाच आवडला. क्निशचं आवरण पातळ, सारणात कांदा परतलेला आणि मिरपूड अंमळ जास्त. सूप गरम. उरलेले पैसे न मागता परत. तुलना: पनवेलच्या मावशींच्या हातच्या कोंबडीच्या पाण्याशी, जे त्यांनी माझ्या पहिल्या बाळंतपणात पाठवलं होतं. त्यात आलं होतं, यात शेपू आहे.

आपली,
एक जुनी खाणावळवाली, पनवेल
(मुक्काम ब्रुकलिन, मार्चअखेरपर्यंत)