ब्लाऊज तयार आहे, ताई

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, माझंही लिहीत नाही. ‘ब्लाऊज झालं का?’ एवढं लिहिलं तरी पत्र कुणाचं ते तुम्हाला कळेल.

तुमची बदली झाल्याचं मला परवा समजलं. सहा महिन्यांची तपासणी म्हणून सरकारी दवाखान्यात गेले, तर तुमच्या खुर्चीवर नवीन मॅडम. त्याही नीट बोलल्या, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण परत येताना एसटीत डोळ्यांचं पाणी खळेना. तुमचे आभार मी कधी मानलेच नव्हते. दर वेळी ‘येते मॅडम’ म्हणायचे आणि पिशवी उचलून निघायचे. म्हणून आता चारचौघांत लिहिते. माझ्यासारख्या आणखी कुणी वाचलं तर बरंच होईल.

तुमच्याकडे यायच्या आधी दोन वर्षं मी एका खासगी दवाखान्यात हेलपाटे घालत होते. ओटीपोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं. दर वेळी ‘उष्णता वाढलीय’ म्हणून गोळ्या. गोळ्या संपल्या की चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. आमचे मालक वाशीच्या मार्केटात माथाडी, दोन-अडीच महिन्यांनी घरी येणार. एकदा मी धीर करून डॉक्टरांना विचारलं, रक्ताच्या त्या तपासण्या करून घेऊ का, एचआयव्ही वगैरे? ते हसले. म्हणाले, “तुम्ही घरंदाज बाई. तुम्हाला कशाला हव्यात असल्या तपासण्या?”

खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं होतं. मान दिल्यासारखं वाटलं. आता ते वाक्य आठवलं की अंगाची आग होते. घरंदाज म्हणून माझं रक्त तपासायचं राहिलं. त्याच दवाखान्यात कंपाउंडरनं भरल्या खोलीत एका पोराला ‘तुझा गुप्तरोगाचा रिपोर्ट आलाय रे’ अशी हाक मारलेली मी ऐकली आहे. ते पोर रिपोर्ट न घेताच चप्पल घालून निघून गेलं. पुढे कुठे गेलं असेल, कुणाला दाखवलं असेल, देव जाणे.

सरकारी दवाखान्यात तुमच्या खोलीसमोरून मी पहिल्या दिवशी दोनदा पुढे गेले. ओपीडीच्या टोकाची खोली, दारावर आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्हीच्या सल्ला-तपासणी केंद्राची पाटी आणि लाल रिबिनीचं चित्र. त्या दारात शिरणाऱ्याकडे सगळा बाक वळून बघतो. तुम्ही बाहेर आलात, माझ्याकडे पाहिलंत आणि नाव-गाव काही न विचारता म्हणालात, “ताई, या, बसा.” दार लावून घेतलंत. रजिस्टर उघडताना वरच्या नावांवर कोरा कागद ठेवलात. त्या कागदानंच माझा निम्मा जीव भांड्यात पडला. इथे दुसऱ्यांची नावं झाकतात, म्हणजे उद्या माझंही झाकतील.

आणि मग तुमचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं. घाईत निघताना मापाची टेप गळ्यातच राहिली होती. “शिवणकाम करता?” तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. फोन कुणाचा लिहू, असं विचारलंत तेव्हा मी गप्प झाले. घरात फोन एकच, आणि तो बहुतेक वेळ सासूबाईंच्या हातात. तुम्ही पेन खाली ठेवलंत. क्षणभर विचार केलात आणि म्हणालात, “मग मी तुमची गिऱ्हाईक. ‘ब्लाऊज झालं का’ असं विचारलं, की समजायचं यायची वेळ झाली.”

ताई, लोक मला विचारतात, म्हणजे ज्या दोघीतिघींना मी हे सांगितलंय त्या विचारतात, की सरकारी दवाखान्यात इतकं काय केलं तुझ्यासाठी? औषधं तर सगळ्यांनाच फुकट मिळतात. मी त्यांना हे एक वाक्य सांगते. माझी अब्रू सांभाळायला कुणीतरी बसून युक्ती काढली. माझ्या आयुष्यात असं कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, उपकार झाले, तर तुम्ही म्हणालात, “उपकार कसले? 2017 चा कायदा आहे, तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करायची नाही आणि तुमचं गुपित बाहेर फोडायचं नाही.” कायदा असेल. पण ब्लाऊज काही कायद्यात लिहिलेलं नाही.

एचआयव्ही नव्हता. सिफिलीस निघाला, शरीरसंबंधातून लागणारा आजार. मला त्या आजाराचं नावही माहीत नव्हतं. मी म्हटलं, मला कधी जखम नाही, फोड नाही. तुम्ही समजावलंत की हा फोड दुखत नाही, बाईला आतल्या बाजूला आला तर दिसतही नाही, काही आठवड्यांत आपोआप भरून येतो आणि आजार मात्र रक्तात मुक्काम करतो. एचआयव्हीचंही तेच, वर्षानुवर्षं माणूस धडधाकट दिसतो. म्हणजे दुखेल तेव्हा बघू म्हणणाऱ्या माणसाला कळणार कधी?

पेनिसिलिननं बरा होणारा आजार. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. दुखली, पण तीनच. अंगावरून जाण्याचं औषध सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी क्लिनिकमध्ये, निराळं मिळालं. दोन वर्षांच्या हेलपाट्यांत मी खर्चलेले पैसे आठवले की अजून झोप उडते.

एक गोष्ट मी तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेली नाही. माझं दुसरं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. गरोदरपणात सिफिलीसचं रक्त तपासायचं असतं, आईला असेल तर बाळ दगावू शकतं, हे मला तुमच्याकडे कळलं. मी त्या वेळची खासगी प्रसूतिगृहाची फाईल घेऊन आले. तुम्ही ती दोनदा उलटून पाहिलीत. त्या तपासणीचा कागद तिच्यात नव्हताच. “बाळ त्यामुळेच गेलं असं आज कुणी सांगू शकणार नाही,” तुम्ही म्हणालात. खोटा दिलासा दिला नाहीत आणि खोटा दोषही लावला नाहीत. फाईल मिटलीत, तिच्यावर हात ठेवलात आणि बाहेर रांग लागलेली असताना मला रडू दिलंत.

गणपतीला मालक आले. त्यांना तुमच्यापर्यंत आणायला मला तीन दिवस लागले. ते खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, आता तुम्ही विचारणार, कुठे गेला होता, कुणाकडून आणलंत. तुम्ही म्हणालात, “दादा, आज रक्त देऊ. बाकीचं तुम्ही दोघं घरी बोला.” आम्ही बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. संसार मोडला नाही एवढं सांगते, आणि तो मी एकटीनं सावरला नाही.

त्यांचाही सिफिलीस निघाला, त्यांनाही इंजेक्शनं दिली. एचआयव्ही नाही म्हटल्यावर ते उठायला लागले तर तुम्ही थांबवलंत. आज नाही म्हणजे कायमचं नाही असं नव्हे, लागण झाल्यावर रक्तात दिसायला तीन महिनेही लागू शकतात, म्हणून पुन्हा या. त्यांनी घाबरून विचारलं, आणि तेव्हा निघाला तर? तुम्ही शांतपणे सांगितलंत की 2004 पासून सरकारी दवाखान्यात याची औषधं मोफत मिळतात, रोज गोळी घेणारी माणसं कामधंदा करतात, लग्न करतात, आणि औषधानं विषाणू पुरता दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. पोती उतरवणाऱ्या माणसाचा खांदा बायकोला कळतो.

मार्गशीर्षात तुमचा फोन आला. सासूबाईंनी उचलला आणि अंगणातून ओरडल्या, “अगं, त्या मॅडमचं ब्लाऊज दे की एकदाचं, किती वाट बघायला लावतेस!” मी शिलाई मशीनवर डोकं टेकवून बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही आलो. रिपोर्ट चांगले निघाले.

आता वर्षातून दोनदा येतो, मालकांच्या सुट्टीप्रमाणे. ते स्वतःच आठवण करतात. वाशीत त्यांच्या टोळीतल्या दोघांना त्यांनी 1097 हा एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर दिला, तुम्ही मापाच्या चिठ्ठीमागे लिहून दिला होतात तोच. माझ्याकडे शिवायला येणाऱ्या एकीला मी स्वतः घेऊन आले होते, तुम्हाला आठवत असेल, हिरव्या साडीतली. तिलाही कुणीतरी ‘उष्णता’ म्हटलं होतं.

चांगली माणसं सगळीकडे असतात असं म्हणतात. मला ती फार भेटली नाहीत. शिकलेली, हुशार, मोठ्या पाट्या लावलेली पुष्कळ भेटली. समोरच्याला लाज वाटतेय हे ओळखून आपला आवाज खाली घेणारी माणसं मी बोटांवर मोजू शकते. तुमची नोकरी कंत्राटी आहे, पगार वेळेवर होत नाही, हे मला औषधाच्या खिडकीवर कळलं होतं. तुम्ही कधी जाणवू दिलं नाहीत.

आता शेवटचं. मागच्या खेपेला मी तुमच्यासाठी ब्लाऊज शिवते म्हटलं, तर तुम्ही “पेशंटकडून काही घेत नाही” म्हणून साफ नाही म्हणालात. मग मी म्हटलं, शिलाई द्या. तेव्हा कुठे माप दिलंत आणि पीस आणून दिलात. ते तयार आहे. अस्तराचं, मागे गाठ, हूक पुढे. शिलाई ठरली तेवढीच घेईन, रुपया कमी नाही आणि जास्त नाही. नव्या ठिकाणी अंगानं थोड्या भराल म्हणून शिवणीत दोन बोटं माया ठेवली आहे.

फोन करा. सासूबाईंनी उचलला तरी चालेल.