एकच डोळा तिरळा, मग ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं कशाला?

नमस्कार मंडळी, छोटीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पावतीपुस्तक घेऊन आठवडाभर चाळीत फिरतोय आणि दर दुसऱ्या दारात हाच प्रश्न, म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितो.

दुसऱ्या मजल्यावरची आपली छोटी, वय ६. डावा डोळा नाकाकडे वळतो. आधी चष्मा झाला, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून तिच्या आईने रोज तिला ताटात तांदूळ निवडायला बसवलं, रडारड व्हायची पण आता दोन्ही डोळ्यांना सारखं दिसतं, तिरळेपणा मात्र तसाच. (तिरळं पोर नशीबवान म्हणणाऱ्या काकूंनी प्लीज तिच्यासमोर बोलू नका, ती आता फोटोत मान खाली घालते.)

तर डोळा हलवायला प्रत्येकी ६ स्नायू असतात. तिचे आतले जास्त ओढतायत. एक पद्धत म्हणजे दोन्ही डोळ्यांचे आतले स्नायू सोडवून थोडे मागे शिवायचे, म्हणजे ओढ कमी होते. दुसरी, फक्त तिरळ्या डोळ्याचा आतला स्नायू मागे न्यायचा आणि बाहेरचा कापून आखूड करायचा. छोटीचं पहिल्या पद्धतीने, म्हणजे दोन्ही डोळ्यांचं करणार. पतंग उजवीकडे कलला तर चिंधी डावीकडे बांधतोच ना आपण, तसंच हे, दोन्ही डोळे जोडीने बघायचे. डावा डोळा कमजोरच राहिला असता तर चांगल्याला हात लावला नसता असं डॉक्टर म्हणाले. डोळा बाहेर वगैरे काढत नाहीत हो! टाके आपोआप विरघळतात, डोळे काही आठवडे लाल दिसतील, आणि कधीकधी दुसऱ्यांदाही ऑपरेशन लागतं, हे आत्ताच सांगून ठेवतो.

एकजण म्हणाले हा प्रयोग आहे. अहो, बर्लिनमध्ये १८३९ साली झालंय हे, तेव्हा भूलसुद्धा नव्हती, आणि स्नायू नुसता कापून सोडायचे म्हणून डोळा कधीकधी उलट बाहेर जायचा. आता मोजून मागे नेतात, आणि छोटीला पूर्ण भूल देणार. मोठ्या माणसांना गाठ सैल ठेवून शुद्धीवर आल्यावर टाका घट्ट-सैल करता येतो, पण ६ वर्षांचं पोर त्याला शांत कुठलं बसायला.

वडिलांची टॅक्सी भाड्याची आहे, दोन आठवडे गाडी बंद म्हणजे घरात काहीच येणार नाही. शंभर द्या, पाचशे द्या, पावती घ्याच. खर्चाचा कागद मंडळाच्या कपाटाला आतून चिकटवलाय, कोणीही बघा. पैसे नसतील तर परळला हॉस्पिटलमध्ये एक रात्र थांबायला माणूस पाहिजे, बाईमाणूस असेल तर बरं. संध्याकाळी ७ नंतर ऑफिस उघडं असतं.