लोहाच्या गोळ्यांविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

माझा रक्ताचा अहवाल काल आला. मला बीटा थॅलेसेमिया मायनर आहे. हा आजार नव्हे, जनुकातला एक दोष आहे आणि तो तुम्हा दोघांपैकी एकाकडूनच माझ्याकडे आलेला असणार. वाचताना, आई, तूच डोळ्यांसमोर उभी राहिलीस. हिमोग्लोबिन दहाच्या वर जात नाही म्हणून प्रत्येक दवाखान्यात ‘नीट जेवत नाही’ हे मान खाली घालून ऐकणारी, आणि पंचवटीतल्या घरी मिसळणाच्या डब्यामागे लोहाच्या गोळ्यांची पाकिटे रबर लावून ठेवणारी.

हाडांतल्या मगजात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. किती करायच्या हे मूत्रपिंडातून येणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सांगते; त्यांत कोणते हिमोग्लोबिन भरायचे हे मात्र जनुके ठरवतात. हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या बीटा साखळीचे जनुक ११ व्या गुणसूत्रावर असते आणि माझ्या दोन प्रतींपैकी एक अधू आहे, म्हणून माझ्या पेशी संख्येने भरपूर पण आकाराने लहान आहेत. लोह कमी पडले तरी पेशी लहानच होतात, त्यामुळे गफलत होते. खरा उलगडा ए-टू या हिमोग्लोबिनच्या एका प्रकारावरून होतो: ते साधारण ३.५ टक्क्यांच्या आत असते, माझे ५.१ निघाले.

गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि जन्मानंतर बीसीएल-११-ए हे जनुक ते जवळजवळ बंद करते. मगजातल्या पेशींत हाच अडसर सैल करून ते हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणाऱ्या, थॅलेसेमियाच्या तीव्र रूपावरच्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली, हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. आपल्याला त्याची गरज नाही.

गरज आहे ती तपासणीची. आई, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, पाहून डॉक्टर सांगेपर्यंत लोहाची गोळी घेऊ नकोस. लोह कमी नसताना घेतलेले लोह शरीरात साठत जाते. बाबा, तुम्हीही तपासणीला रक्त द्या, आणि धाकट्यासाठी स्थळे पाहण्याआधी त्याचेही तपासू. नवरा-बायको दोघांतही हा दोष असला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. मुलीकडे सिकलसेलचा दोष असला तरी धोका असतोच, म्हणून तिचीही तपासणी व्हावी.

आई, तुझ्या जेवणात काहीच उणे नव्हते. शनिवारी सकाळी मी नाशिकला पोहोचते. ए-टूच्या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही, तेव्हा तुझ्या हातचा चहा घेऊनच निघू.

तुमची,
मोठी लेक